नाही म्हणण्याची सोय

सप्टेंबर 2025 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कामाच्या तासांसंबंधीच्या कायद्यांत काही दुरुस्त्या करण्यास मान्यता दिली. कारखान्यांत दिवसाची कमाल मर्यादा 9 तासांवरून 12 तासांवर आणि 20 किंवा त्याहून अधिक माणसे कामाला असलेल्या दुकाने-आस्थापनांत 9 वरून 10 तासांवर नेण्याचे ठरले. कारखान्यांतील ओव्हरटाइमची तिमाही मर्यादाही 115 तासांवरून 144 तासांवर गेली. त्यावर झालेली चर्चा मुख्यतः या आकड्यांभोवती फिरली, आणि ते साहजिकच होते. मला मात्र त्यातल्या एका लहानशा तरतुदीविषयी लिहायचे आहे, कारण या निर्णयाची सगळी नैतिक भिस्त तिच्यावर आहे. ती तरतूद अशी, की ओव्हरटाइमसाठी कामगाराची लेखी संमती घ्यावी लागेल.

संमती मागायची तर नकार देणे शक्य आहे हे आधी गृहीत धरावे लागते. चाकणच्या एखाद्या कारखान्यात ठेकेदारामार्फत सहा-सात महिन्यांसाठी लागलेला, परभणी किंवा यवतमाळहून आलेला आणि खोलीचे भाडे तिघांत वाटून राहणारा एक पोरगा डोळ्यांसमोर आणावा. पाळी सुटताना सुपरवायझर त्याच्यापुढे छापील कागद ठेवतो, मागे वीस जण रांगेत ताटकळत असतात, बस सुटायला पाच-सात मिनिटे उरलेली असतात आणि कागदावर सहीची जागा फुलीने दाखवलेली असते. त्याच्यावर कोणी जबरदस्ती करत नाही. तो ‘नको’ म्हणाला तर त्याला कामावरून काढणारही नाहीत. पुढच्या महिन्यात ठेकेदाराच्या यादीत त्याचे नाव नसेल एवढेच, आणि ते का नाही याचे कारण कोणत्याही कागदावर सापडणार नाही. हे त्याला ठाऊक असते, सुपरवायझरला ठाऊक असते आणि मागच्या वीस जणांनाही ठाऊक असते. अशा सहीला कायदा संमती म्हणतो. ओव्हरटाइमचा दर दुप्पट असतो, म्हणून पुष्कळ जण ती सही आनंदाने करतील हेही खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु आनंदाने केलेली सही आणि नाइलाजाने केलेली सही कागदावर सारखीच दिसते, आणि ज्या व्यवस्थेला या दोहोंतला फरक कळून घ्यायचा नाही तिने संमती हा शब्द जपून वापरावा.

नेमके याच काळात आपल्याकडे कामाच्या ठिकाणचा आनंद, निकोप नातेसंबंध आणि निर्भयपणा यांवर बोलणाऱ्यांना चांगले दिवस आले आहेत. कंपन्यांत कार्यशाळा होतात, हॉटेलच्या सभागृहात गोल करून बसवतात, चिठ्ठ्यांवर ‘मला कशाची भीती वाटते’ हे लिहून घेतात आणि शेवटी ‘मनमोकळे बोला, चौकटीबाहेर विचार करा, धाडस करा’ असा निरोप देऊन सोडतात. या उपक्रमांची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही; त्यांतून काही जणांना दोन घटका बरे वाटत असेल तर त्यात वाईट काय? माझी तक्रार त्यांच्या मुळाशी असलेल्या समजुतीबद्दल आहे. ती समजूत अशी, की धैर्य हा व्यक्तीचा गुण आहे, ज्याच्यात तो कमी असेल त्याला शिकवून तो वाढवता येतो, आणि माणसे धीट झाली की नाती सुधारतात व त्यामागून आनंद येतो. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. माणसे बहुधा तेव्हाच धीट होतात जेव्हा धीट होणे त्यांना परवडते, आणि ते परवडणे दोन गोष्टींवर अवलंबून असते: पाठीशी कोण उभे आहे, आणि तोंड उघडल्याबद्दल काय हिरावून घेता येते. या दोन्ही गोष्टी जिथल्या तिथे ठेवून फक्त धैर्याची शिकवणी घेणे म्हणजे भित्रेपणाचा दोष भिणाऱ्याच्याच माथी मारणे होय.

कार्यशाळेतले दुसरे आवडते वाक्य म्हणजे ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत’. हे वाक्य बोलणारे बहुधा कुटुंबाच्या प्रमुखपदी बसलेले असतात. आपल्या कुटुंबांत प्रेम असते, आधार असतो, आजारपणात रात्र-रात्र जागणारी माणसे असतात. आणि त्याच कुटुंबांत सुनेने सासऱ्याला, धाकट्याने थोरल्याला, मुलीने बापाला ‘मला हे मान्य नाही’ असे सरळ सांगण्याची प्रथा फारशी नसते. तेव्हा कंपनी हे कुटुंब आहे म्हटल्यावर नवख्या कर्मचाऱ्याने त्यातला आधार ऐकावा की वडीलधाऱ्यांपुढे न बोलण्याची शिस्त ऐकावी? अनुभव असा, की रात्री साडेनऊला व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर काम टाकताना कुटुंब आठवते आणि मंदीत माणसे कमी करताना करारातले कलम आठवते. घरातून कोणाला नोटिशीचा महिना देऊन काढत नाहीत. म्हणून नोकरीतल्या नात्याला नोकरीतलेच नाते म्हणावे, त्याच्या अटी स्पष्ट ठेवाव्यात आणि त्या अटींच्या आत माणुसकीने वागावे, हे मला अधिक प्रामाणिक वाटते. निकोप नाते ओळखण्याची माझी कसोटी साधी आहे: त्या नात्यात कमी ताकद असलेल्या माणसाला नकार देता येतो का, आणि नकार दिल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच्याशी वागणे बदलत नाही ना.

ज्या साप्ताहिक सुट्टीला आपण आज गृहीत धरतो तिचा इतिहास या संदर्भात पुन्हा पाहण्याजोगा आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईतल्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनला सादर केले. त्यातल्या मागण्या आज वाचताना त्यांच्या साधेपणाने माणूस चकित होतो: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, आणि कामावर इजा झाली तर भरपाई. पुढे 24 एप्रिल 1890 रोजी मुंबईत महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली आणि तीत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

त्या दोन स्त्रियांविषयी मला नेहमी कुतूहल वाटते. 1890 साली, हजारो पुरुषांसमोर, ज्या मालकांच्या गिरणीत उद्या सकाळी पुन्हा उभे राहायचे आहे त्यांच्याविरुद्ध बोलायला त्या उभ्या राहिल्या. त्या जात्याच असामान्य असतील, नाही असे नाही. पण त्यांच्यामागे काय होते तेही पाहिले पाहिजे. लोखंडे स्वतः जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते, स्त्रियांनी चारचौघांत बोलणे ज्या चळवळीत निषिद्ध नव्हते अशा चळवळीत ते घडले होते, आणि ‘दीनबंधु’सारखे पत्र त्यांच्या हाती होते, म्हणजे जे बोलले जाईल ते छापून येण्याची शक्यता होती. लोखंड्यांच्या ‘बॉम्बे मिल हॅण्ड्स असोसिएशन’ला ना सभासदांची नोंद होती ना वर्गणीचा निधी, आणि म्हणून तिला खरी कामगार संघटना म्हणावे की नाही यावर अभ्यासकांत वाद आहेत. तो वाद मला येथे महत्त्वाचा वाटत नाही. साडेपाच हजारांमधली एक सही करणाऱ्याला मुकादम वेगळा काढू शकत नव्हता, ही गोष्ट महत्त्वाची आहे. चाकणच्या रांगेतल्या पोरापुढचा कागद आणि 1884 चा तो कागद, दोन्हींवर कामगाराचीच सही. पहिल्यावर तो एकटा आहे.

यावर आक्षेप येईल की इतिहास एकेकट्या धीट माणसांनीही घडवला आहे, आणि तो आक्षेप घेणारा मराठी माणूस बहुधा आगरकरांचे नाव घेईल. ‘इष्ट असेल ते बोलणार व साध्य असेल ते करणार’ हे ज्याचे ब्रीद होते, ज्याला जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहावी लागली, त्याच्या धैर्याला कोणत्या संघटनेचा टेकू होता? माझे उत्तर असे, की आगरकरांचे धैर्य थोर होते यात शंकाच नाही, पण ते पोरके नव्हते. ‘केसरी’ सोडून 1888 मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला तेव्हा त्याच्या इंग्रजी बाजूसाठी गोपाळ कृष्ण गोखले त्यांच्यासोबत होते. त्याहून बोलका तपशील पुढचा आहे. पुण्यातला मोठा वर्ग ज्याच्या मतांवर संतापलेला होता त्या माणसाची फर्ग्युसन कॉलेजातली जागा गेली नाही. उलट 1892 मध्ये ते त्याच कॉलेजचे प्राचार्य झाले आणि 1895 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिले. पगार तुटपुंजा होता आणि प्रकृती खालावलेली होती, तरी लिहिल्याबद्दल चूल विझेल अशी व्यवस्था तेथे नव्हती. ज्या संस्थेने हे केले तिचेही काही श्रेय ‘सुधारक’मधल्या प्रत्येक निर्भीड ओळीत आहे असे मी मानतो. ज्यांना असे मित्र आणि अशी संस्था मिळाली नाही अशी किती माणसे त्याच पुण्यात गप्प राहिली असतील याचा हिशेब अर्थातच कोणी ठेवलेला नाही.

पाठीशी माणसे असणे ही एक बाजू झाली. बोलणाऱ्याचा अधिकार स्पष्ट असणे ही दुसरी, आणि ती अनेकदा दुर्लक्षित राहते. 22 मे 2010 रोजी दुबईहून मंगळूरला आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले आणि विमानातल्या 166 पैकी 158 माणसे मरण पावली. चौकशी अहवाल असे सांगतो की कॅप्टन प्रवासाच्या बऱ्याच भागात झोपलेला होता, विमान उतरताना जेवढ्या उंचीवर असायला हवे होते त्याहून वर होते, आणि सहवैमानिकाने उतरणे रद्द करून पुन्हा वर जाण्यास तीन वेळा सांगितले होते. कॅप्टनने ते मानले नाही. सहवैमानिकाने नियंत्रण मात्र स्वतःच्या हाती घेतले नाही, आणि त्याचे संभाव्य कारण म्हणून अहवालाने सहवैमानिकाला असा अधिकार देणाऱ्या सूचनांमधल्या संदिग्धतेकडे बोट दाखवले. हे वाक्य मला फार मोलाचे वाटते. कारण अपघातानंतर ‘तो धीट असता तर’ असे म्हणणे अगदी सोपे होते. तो बोलला होता आणि तीन वेळा बोलला होता; कमी पडले ते नियमांनी त्याच्या बोलण्याला द्यायचे वजन. चुकीच्या निर्णयाला अडवण्याचा हक्क कनिष्ठाला आहे की नाही हे जर शेवटच्या काही सेकंदांत त्याने स्वतःच ठरवायचे असेल, तर तो हक्क असून नसल्यासारखाच.

आपल्या रुग्णालयांत, बँकांत, तहसील कचेऱ्यांत आणि बांधकामांवर विमानाएवढा भीषण परिणाम क्षणात दिसत नाही, म्हणून तिथली तीच संदिग्धता वर्षानुवर्षे चालून जाते. नर्सला डोस चुकीचा वाटतो, पण डॉक्टरसाहेब राउंडला घाईत असतात. ज्युनिअर इंजिनिअरला स्लॅब घालण्याआधी सळईतले अंतर खटकते, पण साहेबांनी ‘चालेल’ म्हटलेले असते. अमेरिकेतल्या एमी एडमंडसन या संशोधिकेने 1990 च्या दशकात रुग्णालयातल्या औषधोपचारांच्या चुकांचा अभ्यास केला तेव्हा तिला एक कोडे पडले: ज्या तुकड्यांतले परस्परसंबंध आणि नेतृत्व चांगले होते, तिथे चुकांची नोंद कमी नव्हे, अधिक होती. तिने काढलेला अर्थ असा, की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, त्या जास्त सांगितल्या जात होत्या. ‘आमच्याकडे कधीच तक्रार येत नाही’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्या अधिकाऱ्यांना हा निष्कर्ष ऐकवावासा वाटतो.

मालकांच्या बाजूने एक रास्त शंका आहे आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. पंधरा-वीस माणसांचे वर्कशॉप चालवणारा भोसरीतला किंवा इचलकरंजीतला लघुउद्योजक विचारेल, की ऑर्डर अंगावर असताना प्रत्येक जण नाही म्हणू लागला तर मी काय करायचे? त्याचा स्वतःचाही नकार वरच्या मोठ्या कंपनीपुढे चालत नाही. तिने चार दिवसांत माल मागितला तर तो चार दिवसांतच द्यावा लागतो. ही अडचण खोटी नाही. पण तिच्यातून निघणारे उत्तर असे आहे, की नकाराची सोय साखळीत सर्वांत खालच्या माणसापुरती मागून भागणार नाही, ती वरच्या प्रत्येक कडीत लागेल. भीती वरून खाली उतरते, आणि उतरताना ती पातळ होत नाही.

कामाच्या तासांचा प्रश्न इथे नात्यांच्या प्रश्नाला येऊन मिळतो. बदलापूर किंवा विरारहून मुंबईत कामाला येणाऱ्याचा जाण्या-येण्यात दिवसाचे तीन तास सहज मोडतात. दहा तासांच्या ड्यूटीत ते मिळवले आणि झोपेचे सात वगळले, तर आंघोळ, जेवण, मुले, आई-वडील, शेजारी, आजारपण आणि स्वतःचे मन या सर्वांसाठी चार तास उरतात. बारा तासांच्या पाळीत दोनच. ज्या नात्यांच्या बळावर माणूस उद्या साहेबासमोर ‘हे चूक आहे’ म्हणेल ती नाती या दोन-चार तासांत टिकवायची आहेत. नवऱ्याला किंवा बायकोला ‘नोकरी गेली तरी बघू’ असे म्हणता येण्याइतका परस्परविश्वास वाढायलाही सोबत बसायला वेळ लागतो. सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याच्या हक्काचे खासगी विधेयक मांडले, तेव्हा शहरी लाड म्हणून त्याची बरीच थट्टा झाली. 1970 नंतर एकही खासगी विधेयक संसदेत संमत झालेले नाही, तेव्हा त्याचे भवितव्य मांडतानाच ठरलेले होते. तरी फ्रान्समध्ये 2017 पासून या हक्काला कायद्यात स्थान आहे, आणि तिथले उद्योग त्यामुळे बुडाल्याचे ऐकिवात नाही.

हा लेख वाचणाऱ्यांपैकी पुष्कळ जण ऑफिसात कनिष्ठ आणि घरात मालक असतील, म्हणून एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. आपल्या घरी धुणे-भांडी करणाऱ्या मावशींनी खाडा केला की आपण काय करतो? पुण्यात 1980 मध्ये घरकाम करणाऱ्या स्त्रियांनी संप केला, त्यातून त्यांची संघटना उभी राहिली, आणि 2008 मध्ये राज्याने घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदाही केला; तो मुख्यतः कल्याणकारी योजनांपुरता आहे. आठवड्याची पगारी सुट्टी आजही बहुतेक घरांत मालकिणीच्या मर्जीवर असते, आणि त्या मर्जीला आपण ‘ती आमच्या घरच्यासारखीच आहे’ असे गोंडस नाव देतो. हे वाक्य आपण ऑफिसात ऐकतो तेव्हा आपल्याला चीड येते. सुट्टीच्या दिवशी ‘तेवढी भांडी तरी घासून जा’ असे म्हटल्यावर मावशी ‘बरं ताई’ म्हणतात, आणि आपण त्याला त्यांची संमती समजतो.

आता पुन्हा त्या लेखी संमतीकडे. ती तरतूद राहणारच असेल तर तिला अर्थ येईल अशी तिची मांडणी करता येते. लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी तक्रार समिती सक्तीची केली आणि तिच्यावर बाहेरची एक व्यक्ती असलीच पाहिजे असे ठरवले. त्यामागचा विचार उघड होता, की ज्याचा पगार त्याच संस्थेतून निघतो त्याच्या निःपक्षपातीपणावर एवढा भार टाकू नये. त्या समित्या अनेक ठिकाणी कागदावरच आहेत हे खरे, पण तत्त्व योग्य आहे आणि ते इथे लावता येईल. संमतीचा कागद सुपरवायझरने पाळी सुटताना न घेता कामगार प्रतिनिधीसमोर घ्यावा. ती संमती एका तिमाहीपुरती असावी आणि कारण न देता मागे घेता यावी. नकार दिल्यापासून सहा महिन्यांत कोणाला कमी केले, तर त्याचा नकाराशी संबंध नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आणि ठेकेदारावर असावी. कागदावर ‘संमती नाही’ असा रकाना असावा आणि तो सहीच्या रकान्याएवढाच मोठा असावा. कोणत्या कारखान्यात किती जणांनी नकार दिला याचा आकडा, नावे न देता, दर तिमाहीला औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जावा. आणि जिथे हजारपैकी हजार जणांनी संमती दिली असेल, तिथे निरीक्षकाने सर्वांत आधी जावे.